नॉब आत, झडप बंद

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेतलं आणि गाडीत येऊन बसलो. मागच्या सीटवर सुपारीचा घड, तोरिंग, आंबाडे, दोन चिबूड, केळीचा घड. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. किल्ली फिरवली, सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही पेट घेईना. पेट्रोलचा वास मात्र असा, की शेजारच्या फुलवालीने मागे वळून बघितलं. अर्धा तास तसाच बसलो. मग गाडी आपोआप चालू झाली, एकदा काळा धूर ओकली आणि खांडेपारला घरी आली.

गाडी म्हणजे आमची १९९६ ची मारुती ८००, पांढरी. बाबांनी चार वर्षं पैसे साठवून घेतलेली. तेव्हाच्या ८०० ला हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर होता, आणि डॅशबोर्डवर चोकचा काळा नॉब. इंजेक्शनवाली ८०० आली तेव्हा हा नॉब गेला. ज्यांनी तो कधी ओढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थेंबांच्याच रूपात आत भिंतींना चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. नॉब ओढला की एक तार कार्बोरेटरच्या तोंडावरची गोल झडप मिटते. हवेची वाट अडते, आतली ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. त्याच जोडणीने ॲक्सिलरेटरची झडपही किंचित उघडते, म्हणून चोकवर गाडीचं स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, वाढलेलं असतं. इंजिन तापलं की नॉब आत ढकलायचा आणि झडप उभी, म्हणजे पूर्ण उघडी, व्हायला हवी.

गोव्यात थंडी ती किती! डिसेंबरातही पहाटेचा पारा सहसा विशीच्या आसपास असतो. बाबांनी तीस वर्षांत नॉब कधी अर्ध्याच्या पुढे ओढला नाही आणि मिनिटभराच्या वर बाहेर ठेवला नाही. मीही तेच शिकलो.

बिघाड मुळात जूनपासूनच सुरू झाला होता, फक्त माझ्या लक्षात येत नव्हतं. अ‍ॅव्हरेज सतराचं अकरावर आलं होतं. फर्मागुढीचा चढ पूर्वी तिसऱ्यावर आरामात चढायची, आता दुसरा टाकावा लागे आणि आरशात काळसर धूर दिसे. ट्रॅफिकमध्ये गरम झाली की सिग्नलला बंद पडायची. सकाळी मात्र एका सेल्फात चालू! पावसात भिजलेली असो, दोन दिवस उभी असो, किल्ली फिरवली की लगेच. हीच खरी खूण होती. गार असताना उत्तम आणि गरम झाल्यावर बेजार, म्हणजे हिला सकाळी लागणारा खुराक दिवसभर मिळतोय. पण सकाळी गाडी झटकन चालू होते याचं मला उलट कौतुक वाटत राहिलं.

चतुर्थीच्या आदल्या त्या संध्याकाळी गाडी आवारात शिरली तेव्हा बाबा सोप्यावर बसले होते. इंजिन बंद करण्याआधीच त्यांनी विचारलं, "चोक बाहेर आहे काय रे?"

मी नॉबकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही बाबा, आत आहे."

बाबांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आवाजावरून अचूक ओळखलं होतं. त्यांचा प्रश्न झडपेबद्दल होता आणि मी उत्तर दिलं नॉबबद्दल. तिथून पुढे पाच आठवडे आणि पाचेक हजार रुपये गेले.

चतुर्थी आटोपल्यावर गाडी फोंड्यातल्या एका गॅरेजमध्ये दिली. तिथे तीन नवीन प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि कार्बोरेटरचं किट, सगळं बदललं. बिल ४,२०० रुपये. जुने प्लग त्यांनी परत दिले म्हणून बरं झालं, कारण पुढे तेच बोलले. गाडी चार दिवस नव्यासारखी पळाली. पाचव्या दिवशी रात्रभर पाऊस झाला, सकाळी गारवा होता, मी सवयीने नॉब थोडा ओढला, मिनिटभराने आत ढकलला आणि निघालो. कुंडईला पोचेपर्यंत पुन्हा तोच वास, तोच धूर. आता मागे वळून बघताना सगळं जुळतं. किट टाकताना कार्बोरेटर खाली उतरवला तेव्हा झडप हाताने उघडली गेली होती आणि मी नॉबला हात लावेपर्यंत ती उघडीच राहिली. नॉब एकदा ओढला आणि ती परत अडकली. पण तेव्हा मला वाटलं, किटच खराब निघालं.

याच सुमारास प्रत्येक जण एकच सांगत होता: नवीन पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांची त्याने वाट लागते, हे मी दिवसाला दोनदा ऐकत होतो. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम यांना इथेनॉल चांगलं नाही, ते पाणी शोषून घेतं, या गोष्टी खऱ्याच आहेत. मीही नळ्या तपासून घेतल्या, एक भेगाळलेली होती ती बदलली. पण ते प्लग समोर ठेवून एका रात्री शांतपणे विचार केला तेव्हा हिशेब उलटा निघाला. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ भाग. म्हणजे त्याच जेटमधून, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गेलं तर मिश्रण पातळ व्हायला हवं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पातळ मिश्रणाने प्लग पांढरट पडतात. माझे तिन्ही प्लग काजळीसारखे काळे होते. कोरडी, मऊ काजळी, बोटाने पुसली की येणारी. तेल जळत असतं तर ती चिकट असती. तिन्ही सारखेच काळे, म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हे, सगळ्यांना मिळणाऱ्या मिश्रणाचा. पेट्रोल जास्त जात होतं किंवा हवा कमी. इथेनॉलवर ढकलून मी मोकळा झालो असतो तर गाडी आजही तशीच असती.

सप्टेंबरात पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, संपली. फेब्रुवारी २०२६ मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यायची होती, त्याला पीयूसी हवीच. आमच्या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. यंत्राने दाखवलं ६.२. मुलाने नळी काढली आणि म्हणाला, "काका, ट्युनिंग करून घ्या."

ट्युनिंग म्हणजे मिश्रणाचा स्क्रू. तो मी स्वतः फिरवला, आणि ही माझी चूक झाली. स्क्रू आत घेत गेलो तसं स्लो डगमगायला लागलं, धूर थोडा कमी झाला, पण चढावर काहीच फरक नाही. तो स्क्रू फक्त स्लोचं मिश्रण ठरवतो. चालत्या गाडीचं बिघडलेलं मिश्रण त्याने कसं सुधारणार? नशीब की फिरवण्याआधी किती आटे आत गेले ते मोजून भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. परत होता तिथे आणला.

उसगावला एक वयस्क मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आहेत. आता गॅरेज चालवत नाहीत. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी जोरात असताना, म्हणजे २०१२ च्या खाणबंदीआधी, त्या रस्त्यावरच्या ट्रकांचं आणि जीपगाड्यांचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख. एका रविवारी प्लग खिशात घालून गेलो. त्यांनी एक प्लग उजेडात धरला, अंगठ्याने पुसला आणि काय काय बदललं ते विचारलं. मी सगळी यादी सांगितली. ते म्हणाले, "आनी फ्लॅप पळयला?"

फ्लॅप म्हणजे चोकची ती झडप. नव्हता बघितला. तीन महिन्यांत मी नव्हता बघितला, आणि माझ्या समोर तरी कुणी बघितला नव्हता.

"पयलीं दोळ्यांनी पळय," ते म्हणाले. "मागीर पानो घे." आधी डोळ्यांनी बघ, मग पाना हातात घे.

घरी आलो. गाडी मोकळ्यावर उभी, इंजिन गार, बॅटरीची तार काढलेली. एअर फिल्टरचा डबा सोडवून बाजूला ठेवला. त्याच्या तळाशी लाल मातीचा थर होता. आमच्याकडे रस्त्याकडेची माती कुठल्याही फटीत शिरते. डबा निघाला की कार्बोरेटरचं तोंड समोर येतं, लिंबाच्या फोडीएवढं, आणि त्यात आडव्या दांड्यावर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली पितळी रंगाची झडप. लेकीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि टॉर्च घेऊन वाकलो.

"ओढ."

झडप फिरली आणि तोंड मिटलं.

"आता आत ढकल. पूर्ण."

"पप्पा, पूर्ण आत गेला."

झडप निम्म्यावर येऊन थांबली होती. उभी व्हायला हवी ती तिरपी, जेमतेम पंचेचाळीस अंशांवर. लेकीला नॉब दोन-तीनदा पुन्हा ओढायला-ढकलायला लावला, दर वेळी झडप तिथेच येऊन थांबली. जूनपासूनची प्रत्येक गोष्ट त्या तिरप्या झडपेत होती. फर्मागुढीचा चढ, काळा धूर, अकराचं अ‍ॅव्हरेज, फोंड्याच्या बाजारातला तो अर्धा तास. मी लेकीला बाहेर बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा बरोबर होते."

पण शोध इथे संपला नाही, आणि माझ्या मते शिकण्यासारखा भाग इथूनच सुरू होतो. झडप का अडकते याची कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात. माझ्या गाडीत तीन होती, एकाखाली एक दडलेली.

पहिलं कारण डोळ्यांना दिसत होतं. दांडा जिथून कार्बोरेटरच्या अंगात शिरतो तिथे काळपट तपकिरी लेप, पेट्रोलची वाळलेली साय आणि लाल धूळ यांचा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे दोन्ही टोकांना मारला, पाच मिनिटं थांबलो, झडप बोटाने हलवली, पुन्हा मारला. तीन वेळा केल्यावर झडप सैल फिरू लागली. हा स्प्रे लगेच पेटतो, म्हणून गरम इंजिनावर किंवा बंद खोलीत कधीच मारू नये. आणि साफ झाल्यावर दांड्याला तेल लावायचा मोह होतो, तोही टाळावा. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात पुन्हा तोच लेप तयार होतो. जीपगाड्यांच्या दिवसांत हे फार बघितलं, असं मेस्त नंतर म्हणाले.

तीन दिवस गाडी छान चालली. चौथ्या दिवशी पुन्हा डबा काढून बघितलं, झडप परत तिरपी. या वेळी मात्र कुठे बघायचं हे ठाऊक होतं. चोकच्या केबलला दोन भाग असतात, बाहेरचं वेटोळ्याचं आवरण आणि आतली तार. आवरण कार्बोरेटरजवळ एका क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेलं असतं आणि आतली तार झडपेच्या लिव्हरला स्क्रूने बांधलेली. नॉब ढकलताना मी त्या क्लॅम्पकडे बघत राहिलो, तर तार पुढे सरकायच्या ऐवजी आख्खं आवरणच मागे सरकत होतं, दोन-तीन मिलिमीटर. क्लॅम्पचा स्क्रू सैल होता. तो आवळला. आता नॉब आत ढकलायलाच जड जाऊ लागला, आणि झडप तरीही पूर्ण उघडेना.

तेव्हा मी तार लिव्हरपासून सोडवली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तार सुटल्यावर झडप बोटाने फिरवली तर ती हलक्या हाताने पूर्ण उघडत होती आणि पूर्ण मिटत होती. नॉब मात्र तार सुटी असूनही घासत, अडखळत जात होता. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष, दोष आता केबलमध्ये. एका जोडणीने बांधलेल्या दोन वस्तूंपैकी कोण अडतंय हे कळायला जोडणी सोडणं हाच सोपा मार्ग, आणि त्याला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

केबल बाहेर ओढली. डॅशबोर्डमागून ती जिथे इंजिनाच्या बाजूला येते तिथला रबरी बूच भेगाळून अर्धा गळून गेला होता. बॉनेटच्या मागच्या कडेने झिरपणारं पाणी थेट तिथे पडत असणार. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो जूनपासून त्या एका भोकातून आवरणात शिरत होता. आतली तार खेचून काढली तर वीतभर लांबीवर लाल भुकटी, बोटांना लागणारी, आणि मधोमध तार खरवडून बारीक झालेली. ओढताना अशी तार ताणली जाते म्हणून येते. ढकलताना मात्र ती आवरणात वाकते आणि तिथेच जोर संपतो. म्हणूनच झडप मिटत होती पूर्ण आणि उघडत होती अर्धी.

फोंड्यात ही केबल मिळाली नाही. मडगावला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाली, १८० रुपयांना. जुनी केबल सोबत नेली होती म्हणून बरं झालं, कारण पहिली दाखवली ती चार बोटं आखूड होती. रबरी बूचही घेतला, दहा रुपयांचा.

बसवताना तारेला ग्रीसचं हलकं बोट लावलं आणि केबलला कुठे तीव्र वळण येऊ दिलं नाही. पहिल्या प्रयत्नात नॉब आत ठेवून तार ताणून बांधली, तर झडप पूर्ण उभी होण्याआधीच थांबली, अगदी थोडी तिरपी. एवढ्याशा तिरपेपणाने काय होतं असं वाटेल, पण चढावर भरपूर हवा लागते तेव्हा तोच अडथळा जाणवतो. स्क्रू पुन्हा सोडला आणि नॉब आत असताना तारेला मिलिमीटरभर ढील राहील असं बांधलं. मग लेक सीटवर, मी कार्बोरेटरशी. नॉब पूर्ण बाहेर: झडप पूर्ण मिटलेली. नॉब आत: झडप उभी. दहा वेळा केलं.

एक गोष्ट राहिली असती ती मेस्तांनी आठवण करून दिली. इतके महिने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरत असतं. डिपस्टिक काढून वास घेतला, पेट्रोलचा स्पष्ट वास. ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. असं ऑइल बेअरिंगचं रक्षण करत नाही. त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलले. प्लग साफ करून फट ०.८ मिलिमीटरवर ठेवली.

गाडी पुन्हा कधी पेट्रोलने ओली होऊन चालू होईनाशी झाली तर काय करायचं, तेही आता कळलं आहे: नॉब आत ठेवायचा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. पूर्ण उघड्या वाटेने हवा जाऊन सिलिंडर कोरडे होतात. फोंड्याच्या बाजारात मी उलट दर सेल्फाला ॲक्सिलरेटर मारत होतो, म्हणजे पंपाने आणखी पेट्रोल आत सोडत होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पीयूसीला पुन्हा गेलो. आकडा आला १.८. त्या मुलाने यंत्र शून्यावर आणून परत मोजलं, तेव्हाही १.८. येताना फर्मागुढीचा चढ तिसऱ्यावर घेतला. गोपाळ गणपतीच्या देवळाजवळ गाडी थांबवली, दर्शन घेतलं आणि परत येऊन किल्ली फिरवली. गरम इंजिन, पहिल्या सेल्फात चालू. पुढच्या दोन टाक्यांचं अ‍ॅव्हरेज साडेसोळा निघालं.

घरी आलो तेव्हा बाबा सोप्यावरच होते. मी इंजिन चालू ठेवून खाली उतरलो. त्यांनी मान थोडी तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "आता आहे आत." मग जुनी केबल मागून घेतली. गंजलेल्या जागेवरून बोट फिरवत बराच वेळ बघत बसले, आणि ती टाकू नकोस म्हणाले. ती सध्या सोप्याच्या खुंटीला टांगलेली आहे. रबरी बूच पुढच्या पावसाच्या आधी, मे महिन्यात, पुन्हा तपासायचा आहे.